चकमकीच्या रायफलचा कान झिजलाय की तुंबलाय? लाइनर कधी आणि कसा बदलायचा?

गारगोटी

नमस्कार मंडळी. रायफल .५० ची (नळीचं भोक अर्ध्या इंचाचं), चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणारी. नळी १५/१६ इंची अष्टकोनी, बाजूला कान, म्हणजे आग आत जायचं भोक, आणि ते ज्यात आहे तो १/४-२८ आट्यांचा (पाव इंच व्यास, इंचाला २८ आटे) स्टेनलेस लाइनर, म्हणजे बदलता येणारं बूच. बार ७० ग्रेन ३एफ काळी दारू (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक), वर चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी, रंजक, म्हणजे बाहेरच्या वाटीत टाकायची पेटवणीची दारू, ४एफ. आजवर सुमारे १४०० बार झालेत.

हल्ली दर दहा-बारा बारांत एकदा रंजक भक्कन पेटते, पण बार सुटत नाही. त्याच वेळी गोळी ठासताना कानातून दारूचे दाणे वाटीत गळतात. १०० यार्डांवर गोळ्यांचा गट आडवा ठीक आहे, पण उभा पसरतो. पेनसिल्व्हेनियातला चकमकीच्या शिकारीचा हंगाम २६ डिसेंबरला सुरू होतो, त्याआधी हे निस्तरायचं आहे. रेंजवर सल्ला मिळाला की ५/६४ इंचाचं, म्हणजे जवळपास २ मि.मी.चं ड्रिल मारून कान मोठा कर, मग आग पटकन पोचेल. मारू का?

---

कानस

ड्रिल मारू नका. निदान मोजल्याशिवाय तर नकोच.

तुम्ही दोन वेगवेगळी दुखणी एकत्र सांगताय. रंजक पेटून बार न सुटणं हे तुंबलेल्या कानाचं लक्षण. दाणे गळणं आणि गट उभा पसरणं हे झिजलेल्या कानाचं. झिजल्याने भोक मोठं होतं, आणि मोठ्या भोकातून आग आत जायला अडचण येत नाही. त्यामुळे झिजेवर ड्रिल हा उपाय होऊच शकत नाही. ड्रिलने झीजच वाढते, फक्त ती एका मिनिटात होते.

आधी मोजमाप. रायफल रिकामी आहे याची खात्री गजानेच (गोळी ठासायच्या दांड्याने) करायची. गज तळापर्यंत सोडा, तोंडाशी बोट धरा, बाहेर काढून नळीच्या शेजारी लावा. गजाचं टोक ब्रीच प्लगपर्यंत (नळीचं मागचं बूच), म्हणजे कानाच्या किंचित मागे पोचायला हवं. पुढेच थांबलं तर आत काहीतरी आहे. मग घोड्यातून गार काढा, लॉक (घोडा आणि वाटीची यंत्रणा) उतरवा, कान गरम पाण्याने धुऊन पाइप क्लीनरने कोरडा करा. काजळी तशीच ठेवून मोजलं तर ०.१ मि.मी. सहज कमी भरतं.

व्हर्नियरचे जबडे एवढ्याशा भोकात नीट बसत नाहीत. ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा हाच गेज समजा. १.६, १.७, १.८, १.९, २.० असे पाच बिट घ्या आणि लहानापासून सुरुवात करा. जो जातो तो आणि जो जात नाही तो, यांच्या मधे तुमचं माप. जाणारा दांडा भोकात असताना मागून टॉर्च मारा. सगळीकडे सारखी बारीक कड दिसली तर भोक गोल आहे. एका बाजूला चंद्रकोरीसारखा उजेड दिसला तर भोक लंबगोल झालंय, आणि मग खरं माप त्या दांड्यापेक्षा मोठं धरायचं.

नवा लाइनर बहुधा १/१६ इंचाचा, म्हणजे १.६ मि.मी.चा येतो. १.८ पर्यंत निर्धास्त वापरा. २.० ला पोचला की बदला.

---

शोराकोळसा

कान कशामुळे झिजतो, हे कळलं तर झीज कमी करता येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बंदुकीची काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून कमी भाग वायू होतो. उरलेला, साधारण ५५ टक्के, पोटॅशियमचे क्षार असतात: कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. बार सुटण्याच्या क्षणी दोन हजार अंशांच्या आसपास तापमान असतं, त्यामुळे हे क्षार वितळलेल्या थेंबांच्या रूपात असतात. नळीत दाब चढलेला, बाहेर मोकळी हवा, मधे दीड मिलिमीटरचं भोक. वायू त्या भोकातून ध्वनीच्या वेगाने सुटतो आणि हे तापलेले थेंब सोबत नेतो. प्रत्येक बाराला भोकाच्या कडेवरून असा एक फवारा जातो. पोलादाचा वरचा अगदी पातळ थर क्षणभर मऊ पडतो, थेंब तो ओढून नेतात, शिवाय गंधक त्याच्याशी रासायनिक खेळ करतंच.

आतून शंकूसारखा कोरलेला लाइनर लवकर पेट घेतो, कारण बाराची दारू वाटीतल्या आगीच्या अगदी जवळ येऊन बसते. पण त्याच कारणाने भोकापाशी धातूचा पडदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ उरतो. झीज तिथेच दिसते. बाहेरची कड आधी गोलसर होते, मग कर्ण्याच्या तोंडासारखी पसरते.

आता माणसाने केलेली झीज. पियानोच्या तारेचं कडक पोलादी कानकोरणं दर बाराला एकाच कोनातून घासलं की भोक त्याच दिशेने लंबगोल होतं. कानकोरणं पितळेचं किंवा तांब्याचं ठेवा. साफ करायला ड्रिल बिट बोटात धरून फिरवणं ही तर सरळ कापणी आहे.

आणखी एक. पर्क्लोरेट असलेली बदली दारू चकमकीच्या बंदुकीत घालू नका. ती काळ्या दारूपेक्षा जास्त तापमानाला पेट घेते, म्हणून बार चुकतात, म्हणून लोक कान मोठा करतात. शिवाय तिच्या काजळीत क्लोराइड असतं, आणि क्लोराइडपुढे स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात. विशेषतः ३०३ जातीच्या स्टेनलेसला, कारण ते लेथवर सहज कापलं जावं म्हणून त्यात मुद्दाम गंधक घातलेलं असतं. ३०४ आणि ३१६ त्या मानाने चिवट. बिनधुराच्या दारूबद्दल तर चर्चाच नको, तिने नळी फुटते.

---

वैदर्भी

चुकलेल्या बारांबद्दल लिहिते, कारण कान झिजलेला असो वा नसो, ते आधी सुटायला हवं.

दोन बारांमधे नळी पुसताना चिंधी किती ओली करता? ओली चिंधी आणि घट्ट जॅग (गजाच्या टोकाचा चिंधी धरणारा तुकडा) ही जोडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी वागते. नळीभरची काजळी चिखल होऊन तळाशी आणि तिथून थेट कानाच्या शंकूत जाते. पुढचा बार भरला की दारू आणि भोक यांच्यामधे ओल्या काजळीचं बूच. रंजक पेटते, आग बुचावर आपटते, संपलं. चिंधी जिभेने ओलवल्यासारखी जेमतेम दमट हवी. जॅग थोडा सैल हवा, म्हणजे जाताना काजळीवरून सरकतो आणि येताना चिंधी चुरगळून काजळी ओढून आणतो. एकदा खाली, एकदा वर, बस. मग कानकोरणं.

तुमच्या नळीला पेटंट ब्रीच असेल, म्हणजे तळाशी नळीपेक्षा अरुंद दारूची कोठी असेल, तर .५० चा जॅग तिथे पोचतच नाही. त्या कोठीसाठी .३० च्या आसपासचा छोटा ब्रश लागतो. हे ठाऊक नसल्याने कित्येकांच्या कोठीत थरावर थर साचतो आणि दोष लाइनरला जातो.

हंगामातला पहिलाच बार चुकत असेल तर कारण बहुतेक वेळा तेल असतं. घरी साफ करून तेल लावलेली नळी तोंड वर करून उभी ठेवली की रात्रभर तेल कानापाशी उतरतं. भरण्याआधी स्पिरिटची चिंधी, कोरडी चिंधी, आणि कानातून पाइप क्लीनर आरपार.

गारेची धारही बघा. ठिणग्या पिवळट-पांढऱ्या आणि वाटीत पडून तडतडणाऱ्या हव्यात. मंद तांबड्या असतील तर गार बोथट आहे किंवा फ्रिझनचा (गार आपटते त्या पोलादी झाकणाचा) कडकपणा गेलाय. अर्थात तुमच्याकडे रंजक पेटतेच आहे, म्हणजे हा भाग ठीक आहे.

बार चुकला तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान पूर्ण एक मिनिट थांबा. आत ठिणगी धुमसत असू शकते. मग कानकोरणं, नवी रंजक, पुन्हा प्रयत्न.

---

लक्ष्यवेधी

कानस यांच्याशी थोडा असहमत. स्पर्धेत कान १.८ ते २.० ठेवणारे बरेच नेमबाज आहेत. आंतरराष्ट्रीय ठासणी स्पर्धांमधे चकमकीच्या रायफलचा १०० मीटरचा मॅक्सिमिलियन प्रकार पडून खेळतात, मिकेले हा चकमकीच्या मस्केटचा ५० मीटरचा, उभ्याने. उभ्याने खेळताना घोडा पडणं आणि बार सुटणं यांत जेवढा वेळ जातो तेवढी नळी हलते. तिथे मोठ्या कानाचा फायदा खरा आहे. ५/६४ ला सरसकट चूक म्हणता येणार नाही.

---

कानस

@लक्ष्यवेधी, १.८ पर्यंत माझी हरकत नाहीच. पण २.० वरून सुरुवात केली तर झिजायला जागा कुठे उरली?

हिशेब बघा. १.६ मि.मी. भोकाचं क्षेत्रफळ २.०१ चौ. मि.मी. १.८ चं २.५४. २.० चं ३.१४. २.२ चं ३.८०. व्यास पाव पटीने वाढला की गळतीची वाट ५६ टक्क्यांनी वाढते. आणि ती गळती दर बाराला सारखी नसते. काजळी कधी कडेला जास्त साचते, कधी कमी, म्हणून गोळीचा वेगही बदलत राहतो. १०० यार्डांवर तो बदल वर-खाली दिसतो, डावी-उजवीकडे नाही. धागाकर्त्याचा गट उभा पसरतोय, तो यामुळे असण्याची शक्यता मोठी. (दारूचं मापही एकदा तपासा. मापाच्या नळीला कधी टिचकी मारायची कधी नाही, यानेही असाच उभा गट येतो.)

गळणाऱ्या दाण्यांचंही तसंच. ३एफ चा दाणा साधारण ०.३ ते ०.८४ मि.मी. दीड मिलिमीटरच्या भोकाशी मोठे दाणे एकमेकांना अडवून कमान धरतात आणि थांबतात. दोन मिलिमीटरला कमान टिकत नाही, गज ठासला की धार लागते. २एफ चा दाणा ०.६ ते १.२ मि.मी., म्हणून तो मोठ्या कानातही अडतो. काहीजण झीज लपवायला ३एफ सोडून २एफ वर जातात. त्याने गळती थांबते, वायूची वाट तेवढीच राहते.

घरी दारू न वापरता गळती बघायची तर स्वयंपाकघरातला बारीक रवा घ्या. दाणा ३एफ च्या जवळपासचा असतो. रिकाम्या, स्वच्छ, कोरड्या नळीत दोन चमचे रवा सोडा, कानाखाली काळा कागद धरा, दस्त्यावर तळहाताने पाच-सहा थापा मारा. चार-दोन दाणे पडले तर ठीक. कागदावर बारीक ढीग झाला तर लाइनरचे दिवस भरले. नंतर रवा पूर्ण झटकून नळी पुसा, कारण तो ओलावा धरतो.

---

लक्ष्यवेधी

हिशेब मान्य. सुरुवात १.६ ने, गरज पडली तरच एक-एक दशांशाने वर, हे योग्य.

एक गोष्ट मात्र कुणी लिहिली नाही. मोठ्या कानाची बाजूला उडणारी झळ. चकमकीची बंदूक उजव्या हाताची असेल तर उजवीकडे मीटरभर अंतरावर दुसरं कुणी उभं असतं. कान झिजला की तो फवारा लांब आणि जाड होतो. रांगेत उभं राहून बार काढणाऱ्या ऐतिहासिक पथकांमधे वाटीच्या कडेला पितळी आडोसा लावतात तो याचसाठी. झीज आधी शेजाऱ्याला कळते, मग आपल्याला. फ्रिझनची आतली बाजू आणि घोड्याचा जबडा लवकर गंजायला लागला तर तेही झिजेचंच चिन्ह समजा.

---

जुनी_नळी

विषय निघालाच आहे तर अस्सल जुन्या बंदुका असलेल्यांसाठी लिहितो.

अठराव्या शतकातल्या बहुतेक लष्करी मस्केटांना लाइनर नव्हताच. नळीत सरळ भोक. ते झिजलं की लष्कराचा शस्त्रकार तिथे आटे पाडून बूच बसवायचा आणि नवं भोक पाडायचा. महाग शिकारी बंदुकांची गोष्ट वेगळी. लंडनचे कारागीर त्यांच्या कानाला सोन्याचं अस्तर देत. सोनं गंजत नाही, गंधकाला दाद देत नाही. पण ते १०६४ अंशांना वितळतं आणि मऊ आहे. रोज वापरली जाणारी बंदूक असेल तर सोन्याचा कानही पसरायचा. मग प्लॅटिनम आलं. त्याचा वितळणबिंदू १७६८ अंश, म्हणजे लोखंडापेक्षाही वर, शिवाय गंज नाही. हेन्री नॉकने १७८७ मधे पेटंट ब्रीच आणली आणि जोसेफ मॅंटनच्या काळापर्यंत उत्तम चकमकीच्या बंदुकीला प्लॅटिनमचा कान हा दर्जाचा शिक्काच झाला. वर उल्लेख आलेल्या स्पर्धांमधे चकमकीच्या बंदुकीने उडत्या चकत्या मारण्याच्या प्रकाराला मॅंटनचंच नाव आहे.

म्हणून तुमच्या हातात अस्सल जुनी बंदूक असेल तर आधी भिंगाने बघा. कानाभोवती पिवळी किंवा करडी-पांढरी गोल कडी दिसली तर पोलादी कानकोरणं तिथे चुकूनही नको. हंसाच्या किंवा बदकाच्या पिसाचा देठ वापरा, जुन्या काळी भरताना कानात तोच खोचून ठेवत. आणि ती कडी काढून स्टेनलेस बसवण्याचा विचार मनात आणू नका. ती कडी म्हणजे त्या बंदुकीचा निम्मा इतिहास आहे. झिजली असेल तर ती बंदूक भिंतीवर शोभते, बार काढायला प्रतिकृती घ्या.

---

सह्यकडा

धागा छान चाललाय. ‘कान’ हा शब्द वापरलात याचा विशेष आनंद. मोल्सवर्थच्या कोशातही बंदुकीचा कान सापडतो. आपल्याकडे गड सोडताना तोफांच्या कानात मेखा ठोकायचे ते याच भोकात.

तोफांची झीजही हीच. पंचरशी तोफ म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील. आता कथील २३२ अंशांना वितळतं आणि तांबं १०८५ ला. सतत मारा केला की कानापाशी मिश्रधातूतलं कथील आधी दगा देतं आणि भोक पोखरत जातं. म्हणून युरोपात पंचरशी तोफांच्या कानात शुद्ध तांब्याचं आटेदार बूच बसवायला लागले. आजचा लाइनर हा त्याचाच धाकटा भाऊ.

कोकणात शेतीराखणीच्या परवान्याच्या ज्या ठासणीच्या बंदुका आहेत त्या बहुतेक टोपीच्या, म्हणजे स्फोटक टोपीवर घोडा आपटून पेटणाऱ्या. तिथे कानाचं काम निपल (टोपी बसवायची छोटी पोकळ नळी) करतं आणि झीजही निपलच्या भोकाची होते. लक्षण सोपं: बार सुटल्यावर घोडा आपोआप मागे उचलला जातो आणि टोपीच्या चिंध्या उडतात. असं दिसलं की निपल बदलायची वेळ झाली. आणि इथल्या मंडळींसाठी एक सूचना. आपल्याकडे शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीसुद्धा परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागते. गावातल्या लेथवर निपल किंवा लाइनर पाडून घेऊ नका.

---

गारगोटी

सगळ्यांचे आभार. मोजलं. १.८ चा दांडा सहज जातो, १.९ जात नाही. पण १.८ घातल्यावर खालच्या-मागच्या बाजूला स्पष्ट चंद्रकोर दिसते. लंबगोल लांबीत २.१ तरी असेल. पोलादी कानकोरणं नेमकं त्याच कोनातून जायचं, हेही लक्षात आलं. रव्याचा कागदावर ढीग झाला. आणि कोठी पेटंट ब्रीचचीच निघाली; .३० चा ब्रश घातल्यावर काळ्या खपल्या पडल्या.

म्हणजे दोन्ही दुखणी खरी. लाइनर बदलायचाच. पण एक नवीनच दिसलं: लाइनरच्या डोक्याभोवती नळीवर काळं कडं आहे, पुसलं तरी पुढच्या वेळी परत येतं. लाइनरला ॲलन कीचं भोक आहे. कसा काढू?

---

कानस

ते काळं कडं सगळ्यात महत्त्वाचं आहे. भोकातून नव्हे, आट्यांमधून वायू येतोय. लाइनर खांद्यावर (डोक्याखालच्या कडेवर) पूर्ण टेकलेला नाही किंवा आटे झिजलेत. हे दुरुस्त होईपर्यंत एकही बार काढू नका. वायू आट्यांतून वाट काढायला लागला की तो नळीचेच आटे खातो. लाइनर स्वस्त असतो, नळी नाही.

काढताना घाई नको. लॉक उतरवा, नळी दस्त्यातून बाहेर घ्या, मऊ जबड्यांच्या वाइसमधे कान वर करून धरा. आट्यांवर गंज सोडवणारं पातळ तेल दोन थेंब, आणि रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशी सोल्डरिंग आयर्नचं टोक लाइनरच्या डोक्यावर पाच मिनिटं टेकवा. लाइनर तापून फुगतो, काजळीची पकड मोडते. थोडं निवलं की ॲलन की. की कोरी, कडा शाबूत असलेली, पूर्ण खोल बसलेली हवी. आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने नेट द्या, ‘टक्’ जाणवलं की मग सैल करा.

भोकाच्या कडा गोल झाल्या तर की ठोकून बसवू नका. उलट्या दिशेने कापणारा ४ मि.मी.चा बिट लाइनरच्याच भोकात मध्य धरून हळू चालवा. निम्म्या वेळा तो बिटच लाइनर फिरवून बाहेर आणतो. नाही आला तर चौकोनी एक्स्ट्रॅक्टर. तोही नाही तर ५ मि.मी.ने पोकळ करून उरलेल्या आट्यांची वेटोळी टोच्याने आत दुमडून काढायची. ड्रिल करण्याआधी आत लाकडी दांडा भरा, म्हणजे बिट आरपार गेला तरी समोरच्या भिंतीला भिडणार नाही.

आता आटे बघा. नव्या लाइनरला हाताने फिरवून बघायचं. निम्म्या लांबीपर्यंत आत गेल्यावर डुगडुगत असेल तर नळीचे आटे गेलेत. मग पुढचं माप, ५/१६-२४. त्यासाठी ६.९ मि.मी.चं ड्रिल, ड्रिल प्रेसवरच, हातात नाही. नळी लेव्हलने सपाट, कानाच्या मध्यात टोकदार पिन उतरवून जागा पक्की, मग ड्रिल, मग त्याच पकडीत टॅप. कापायचं तेल भरपूर, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. आत ग्रीस लावलेली चिंधी भरून ठेवा, बुरादा तिच्यात अडकतो. शेवटी आतल्या बाजूची कणी (कापताना उरलेली धारदार कड) बोटाला लागते तेवढीही ठेवू नका, गोळीची चिंधी तिच्यावर फाटते.

खरेदीआधी आटे गेजने मोजा. १/४-२८ चा आटा ०.९०७ मि.मी.चा आणि व्यास ६.३५. युरोपातल्या कितीतरी रायफलींना एम६ असतो, आटा १ मि.मी., व्यास ६. एम६ चा लाइनर १/४-२८ च्या भोकात दोन फेरे जातो आणि बसला असं वाटतं. तो पहिल्या किंवा दहाव्या बाराला बाहेर येतो, थेट शेजाऱ्याच्या दिशेने.

---

वैदर्भी

धातूबद्दल दोन शब्द. बेरिलियम कॉपरचा लाइनर फवाऱ्याला स्टेनलेसपेक्षा छान तोंड देतो, कारण तांबं उष्णता झटकन नळीत पसरवतं आणि कड तेवढी तापत नाही. पण तो कानशीने घासू नका, पॉलिश पेपरने तर नकोच. बेरिलियमची धूळ फुफ्फुसात गेली तर कायमचा आजार होऊ शकतो. घासून लेव्हल करायचा असेल तर स्टेनलेसच घ्या.

आट्यांना तांबं किंवा निकेलवालं अँटी-सीझ लावा, मोहरीएवढं. टेफ्लॉन पट्टी बरेचजण गुंडाळतात. ती आतल्या टोकाशी जळते आणि लाइनर खांद्यावर टेकल्याचा भास निर्माण करते.

---

कानस

वैदर्भी यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून, टेकला की नाही हे डोळ्यांनी बघायची पद्धत. खांद्याच्या खाली मार्कर पेनची निळी शाई लावा, लाइनर कोरडाच हाताने घट्ट बसवा, परत काढा. शाई सगळ्या गोलावर सारखी पुसली गेली असेल तर पूर्ण टेकलाय. एका बाजूलाच पुसली असेल तर भोक तिरकं आहे. कडं अर्धवट असेल तर तिथूनच वायू निघणार, कितीही आवळलं तरी. शाई जुळली की अँटी-सीझ लावून शेवटचं बसवणं, आखूड की ने, मनगटाच्या जोरावर. लांब दांडा लावून लाइनरची मान तोडू नका.

लॉक परत बसवल्यावर कानाची जागा बघा. वाटीच्या वरच्या कडेला क्षितिज समजा. कान मावळत्या सूर्यासारखा दिसायला हवा, निम्मा वर, निम्मा खाली. खाली बुडाला असेल तर रंजक भोकात भरते आणि वातीसारखी जळत आत जाते, बार उशिरा सुटतो. तुमचं भोक जुन्याच जागी राहणार आहे, त्यामुळे हे बिघडायचं कारण नाही. ५/१६ वर गेलात तर मात्र नक्की तपासा.

---

गारगोटी

नवा लाइनर हातात घेऊन बघितला, लांबी ७.५ मि.मी. आहे. आत डोकावणार नाही ना?

---

कानस

कोठीच्या भिंतीची जाडी मोजा. तुमची ब्रीच पेटंट आहे, म्हणजे कोठी नळीपेक्षा अरुंद आणि भिंत जाड, ७.५ तिथे बसूही शकेल. सरळ नळी असती तर १५/१६ इंच म्हणजे २३.८ मि.मी., त्यातून १२.७ वजा, निम्मे केले की जेमतेम ५.५. तिथे ७.५ चा लाइनर दोन मिलिमीटर आत आला असता आणि दर वेळी जॅग त्याच्यावर आपटला असता.

वाकवलेली पेपरक्लिप रिकाम्या लाइनरच्या भोकातून घाला, आतल्या कडेला अडकवा, बाहेर नळीच्या सपाटीला नखाने खूण धरून मोजा. त्या मापातून पाव मिलिमीटर वजा केलं की लाइनरची लांबी. जास्तीचं आतल्या टोकाकडून कापा, बाहेरून नाही, आणि शंकूच्या तोंडाची कणी काढायला विसरू नका. पहिले दहा बार वेगमापकावर घ्या आणि वहीत टिपून ठेवा. मग दर १०० बारांनी १.७ आणि १.८ चे दांडे घालून बघायचे.

---

गारगोटी

कोठीची भिंत ८.१ भरली. शाईचं कडं पूर्ण आलं. पितळेचं कानकोरणं पिशवीत, पोलादी फेकून दिलं.